डिलिव्हरी व्हॅनचा कॅम्पर: करवत लावण्याआधी आरसी वाचा

पत्र: आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. एका कुरिअरवाल्याकडून २०१९ ची डिझेल डिलिव्हरी व्हॅन घेतली आहे. आरसीवर वर्ग ‘गुड्स कॅरियर’, आसनं चालक धरून ३, रिकामं वजन १,६२० किलो, एकूण वजन २,५०० किलो. घरात पाच जण: मी, पत्नी, दोन मुलं आणि आई. मागे दोन्ही बाजूंना बाक, रात्री त्यांचाच पलंग, गॅसची शेगडी, १०० लिटरची पाण्याची टाकी, छतावर सोलर आणि दोन इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या असा बेत आहे. सुट्टीत ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू आणि पुढे कोकणापर्यंत जायचं आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, ‘फिटनेसच्या दिवशी सामान काढून न्या, मग परत लावा, कुणी विचारत नाही.’ गाडी कोणत्या वर्गात बसेल, तपासणीत काय बघतात आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

सुरुवात फॅब्रिकेटरला थांबवण्यापासून करा. आरसीवर आसनं तीनच आहेत, तेव्हा या व्हॅनमधून तुम्हा पाच जणांना नेता येणार नाही. बाकीच्या अडचणींवर काही ना काही तोड निघते, या एकीवर नाही. म्हणून प्लायवूड आणायच्या आधीच हे कळलेलं बरं.

आधी वर्गाचं बघू. पलंग टाकला म्हणून गाडी कॅम्पर होत नाही; आरसीवर तसं लिहिलेलं असावं लागतं. केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत ट्रान्सपोर्ट आणि नॉन-ट्रान्सपोर्ट वाहनांच्या दोन याद्या आहेत आणि कॅम्पर व्हॅन दोन्हींत आहे. घरच्या वापराची असेल तर नॉन-ट्रान्सपोर्ट, म्हणजे पांढरी नंबर प्लेट. भाड्याने द्यायची असेल तर ट्रान्सपोर्ट, पिवळी प्लेट आणि त्यासोबतचे परमिट, फिटनेसचे सगळे सोपस्कार. नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवरही ‘कॅम्पर व्हॅन / ट्रेलर (प्रायव्हेट यूज)’ असा वेगळा वर्ग आहे. तेव्हा वर्ग आहे, नियमात जागा आहे. प्रश्न एवढाच की तुमची गाडी त्या जागेत शिरते कशी.

इथे दोन नियम एकमेकांसमोर उभे राहतात आणि घरी गाडी बनवणारे बहुतेक लोक याच फटीत अडकतात. मोटर कॅरॅव्हॅनची (नियमांच्या भाषेत कॅम्परची) व्याख्या सांगते की राहण्याच्या भागात किमान चार गोष्टी हव्यात: बसायला आसनं आणि टेबल, झोपायची सोय (आसनांचाच पलंग होत असला तरी चालतो), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची कपाटं. आणि हे सगळं गाडीला पक्कं बसवलेलं हवं. फक्त टेबल सुटं चालतं. दुसरीकडे मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर उतरलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाने करायचा नाही. इंधन बदलण्याचं मान्यताप्राप्त किट, दिव्यांग चालकासाठीचा बदल असे मोजके अपवाद आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम असंच कडक वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. वेल्ड केलेले बाक, कापलेली खिडकी, छताचा व्हेंट हे एक काम म्हणून मोजलं जाईलच असं नाही.

म्हणजे पक्कं बसवलं तर बदल ठरतो आणि सुटं ठेवलं तर कॅम्पर ठरत नाही. यातून जाणारे रस्ते दोनच. एक तर उत्पादकाने किंवा बॉडी बिल्डरने नमुना मंजूर करून घेतलेली कॅम्पर घ्या, नाहीतर गाडी आहे त्या वर्गातच राहू द्या आणि आत फक्त सुटं, सामान म्हणून मोजलं जाईल असं किट ठेवा. अर्धं वेल्ड, अर्धं सुटं, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या: ना मालवाहू उरते, ना कॅम्पर होते.

आता आसनांचं. मालवाहू गाडीच्या मागच्या भागात माणूस बसला की तो विम्याच्या दृष्टीने उघड्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं की मालवाहू गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्यासाठी थर्ड पार्टी विमा कंपनी जबाबदार नाही. अपघात झाला तर भरपाई गाडीच्या मालकाकडून, म्हणजे तुमच्याकडूनच मागितली जाईल. शिवाय बाजूला तोंड करून बसवलेला लाकडी बाक धडकेत माणसाला धरून ठेवत नाही. गाडीतल्या आसनाची आणि बेल्टच्या बोल्टची ताकद जमिनीच्या पत्र्यासकट ओढून तपासतात. चाचणीत पत्रा वाकतो, तो नमुना पुढे वापरायचा नसतो. उत्पादक एक नमुना खर्ची घालून हजारो गाड्या विकतो. तुमच्याकडे एकच व्हॅन आहे, ती चाचणीत कशी घालणार? पीथमपूरचं नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र जवळ आहे, ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, म्हणून तिथे जाऊन एका गाडीचं प्रमाणपत्र आणू, असं कोणी सुचवलं तर त्यात पडू नका. अशी केंद्रं मुख्यतः उत्पादकांच्या नमुन्यांसाठी आहेत.

फॅब्रिकेटरच्या सल्ल्याबद्दल दोन शब्द. फिटनेसचं प्रमाणपत्र दाखवलेल्या गाडीचं असतं. तपासणीपुरतं सामान काढलं तरी अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेयर गाडी जशी आहे तशीच बघतो, फोटो काढतो आणि आरसीशी ताडतो. बदल कळवलेला नसेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच अडतो. फॅब्रिकेटर तेव्हा सोबत नसतो.

वजनावर थोडं सविस्तर लिहितो, कारण कागद सगळे जुळले तरी गाडी इथेच बिघडते. आरसीवरच्या रिकाम्या वजनात चालक धरलेला नसतो. म्हणजे २,५०० वजा १,६२०, हे ८८० किलो तुमच्यासकट सगळ्यांना मिळून आहेत. तुमच्या बेताचा हिशेब मांडला तर असा होतो. आठ बाय चारची १९ मिलीमीटर प्लायची शीट साधारण ३६ किलोची, १२ मिलीमीटरची साधारण २२ किलोची. बाक, पलंग आणि कपाटांना जाडीच्या पाच आणि पातळच्या चार शीट लागल्या तर २६८ किलो. पाणी १०० आणि टाकी ८. दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या मिळून ११५ च्या आसपास. सोलर पॅनेल आणि फ्रेम ३५, छोटा फ्रिज १५, शेगडी आणि ५ किलोचा भरलेला सिलेंडर १६, गाद्या २०, आतलं अस्तर आणि इन्सुलेशन ६०. तीन मोठी आणि दोन मुलं मिळून २६५, कपडेलत्ते ६०. बेरीज ९६२. म्हणजे घरातून निघतानाच ८२ किलो जास्त, आणि अजून स्टेपनीची हत्यारं, खाऊ, छत्र्या काही धरलेलं नाही.

हेच जाड प्लायऐवजी सगळीकडे १२ मिलीमीटर वापरलं तर ७० किलो वाचतात. दोन ट्यूब्युलरच्या जागी १०० अ‍ॅम्पियर-तासाच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या घेतल्या तर त्या मिळून २४ किलोच्या. तिथे ९१ वाचले. बेरीज ८०१ वर येते. कोणतीही गाडी घेतलीत तरी हा हिशेब कागदावर आधी करा. सुताराला ‘मजबूत करा’ एवढंच सांगितलं तर तो हमखास १९ मिलीमीटरच लावतो.

वजन किती, याच्याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. समजा पुढच्या-मागच्या दोन धुऱ्यांमधलं (ॲक्सलमधलं) अंतर २.४ मीटर आहे आणि १०० लिटरची टाकी मागच्या धुऱ्याच्या ६० सेंटिमीटर मागे ठेवली. मागच्या धुऱ्यावर १०० नाही, १२५ किलो वाढतात आणि पुढच्या धुऱ्यावरचे २५ किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर पुढचे ब्रेक लवकर लॉक होतात. टाकी आणि बॅटरी दोन धुऱ्यांच्या मध्ये, शक्यतो तळाशी ठेवा. स्वयंपाकाचा ओटा डावीकडे असेल तर टाकी उजवीकडे. मग टाकी आणि डिझेल भरून, घरची सगळी माणसं बसवून गाडी धर्मकाट्यावर (वाहनांच्या वजनकाट्यावर) न्या. एकदा अख्खी, एकदा फक्त मागची चाकं. दोन्ही पावत्या फाइलला लावा. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली उत्पादकाची पाटी असते, तिच्यावर प्रत्येक धुऱ्याचा कमाल भार दिला असेल तर त्याच्याशी ताडा. एकूण वजन बसतं आणि मागचा धुरा ओलांडतो, असं पुष्कळदा होतं.

आणि गाडी मागे बसायला लागली की मिस्त्री सांगतात, ‘एक पाटा वाढवून घ्या,’ म्हणजे मागच्या स्प्रिंगला एक जादा पट्टी. नका घेऊ. बऱ्याच छोट्या व्यापारी गाड्यांत मागच्या धुऱ्यापाशी एक भारसंवेदी ब्रेक व्हॉल्व्ह असतो. गाडीखाली वाकून बघा: चेसिसला चिकटलेला मुठीएवढा तुकडा आणि त्याच्यापासून धुऱ्यापर्यंत गेलेली एक काडी किंवा स्प्रिंग. गाडी किती दबली आहे यावरून तो भार ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढाच दाब सोडतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीही उंच उभी राहते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक निम्मेही लागत नाहीत. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना ते तापून सोडून देतात. पॅडल खाली जातं, गाडी थांबत नाही. पाटा कुणी आधीच वाढवला असेल तर व्हॉल्व्हची काडी उत्पादकाच्या मापाने पुन्हा बसवून घ्या किंवा पाटा काढा. सेकंड हँड व्हॅनमध्ये हे नक्की बघा, कारण कुरिअरच्या गाड्यांना पाटे सर्रास वाढवलेले असतात.

फिटनेसमध्ये यातलंच बरंच काही पकडलं जातं. तुमची गाडी ट्रान्सपोर्ट आहे तोवर ती आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागेल. फिटनेस संपलेली ट्रान्सपोर्ट गाडी कायद्याने नोंदणीकृतच धरली जात नाही. स्वयंचलित तपासणी केंद्रात चाकं रोलरवर घेऊन डाव्या-उजव्या ब्रेकमधला फरक मोजतात, म्हणून एका बाजूला भार असलेली किंवा एक ब्रेक सिलेंडर गळणारी गाडी तिथे लगेच उघडी पडते. हेडलाइटचा झोत मशिनवर बघतात. मागे भार असेल तर झोत वर जातो, तेव्हा नेहमीच्या भारासकट अलाइन करून घ्या. टायरच्या खोबणीची खोली किमान १.६ मिलीमीटर हवी. २०१९ ची गाडी बीएस-४ (भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकाची) असेल. तिच्या डिझेल धुराची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे, त्याच्या वर गेली की आधी एअर फिल्टर आणि मग इंजेक्टर बघा. स्टिअरिंगचा लूजपणा, पुढचे बॉल जॉइंट, हॅन्डब्रेक, वायपर, रिफ्लेक्टिव टेप, काचांवरची फिल्म हे सगळं नेहमीचंच. क्रॅश गार्ड, ज्याला आपण बुल बार म्हणतो, तो असेल तर आधीच काढा. २०१७ पासून त्याच्यावर बंदी आहे.

खाजगी वापराच्या गाडीला हे दर दोन वर्षांचं चक्र नसतं. नोंदणी १५ वर्षांची, मग फॉर्म २५ वर अर्ज करून तपासणीनंतर ५ वर्षांनी वाढते. अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो.

तर मग करायचं काय? तुमच्या घरासाठी आमचं मत असं: ही व्हॅन विका. त्या पैशांत खाजगी नोंदणी असलेली, पांढऱ्या प्लेटची प्रवासी गाडी बघा, जिच्यात पाचही जणांना पुढे तोंड असलेली, बेल्टची, उत्पादकाचीच आसनं आहेत. ‘ओम्नी बस (प्रायव्हेट यूज)’, म्हणजे जास्त आसनांच्या खाजगी गाडीच्या वर्गातली असली तरी चालेल. मागची जागा मोठी, आसनं दुमडणारी. आसनं काढून टाकू नका. आरसीवरचा आसनांचा आकडा बदलला की तोही बदलच. दुमडलेल्या आसनांवर बसेल असं किट करा.

किट १२ मिलीमीटर प्लायच्या तीन पेट्यांत बसतं: एकीत शेगडी आणि भांडी, एकीत पाण्याचे २० लिटरचे दोन जार, एकीत कपडे, वर तीन घडीची फळी, तिच्यावर चार इंची फोम. प्रत्येक पेटी भरून २५ किलोच्या आत ठेवा म्हणजे दोघांना सहज उचलता येते आणि घरी आल्यावर निघते. गाडीला भोक पाडायचं नाही, सामानाच्या मूळ हुकांना रॅचेट बेल्ट लावायचे, प्रत्येक पेटीला दोन, एकमेकांना छेद देऊन. जोराच्या धडकेत वस्तू आपल्या वजनाच्या वीस पटीने पुढे येते असं धरा. २५ किलोची पेटी तेव्हा ५०० किलोची होते आणि ती आईच्या आसनाच्या पाठीवर येते. म्हणून बेल्टवर लिहिलेली भारक्षमता वाचूनच घ्या, सियागंजात मिळणारे नुसते दोरीसारखे पट्टे चालणार नाहीत. विजेसाठी गाडीच्या वायरिंगला हात न लावता सुटं पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्या. ते गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चार्ज करता येतं, पण त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अ‍ॅम्पियरचा असतो, तेव्हा १२० वॅटच्या आतच ओढा.

गॅस फक्त गाडीबाहेर, गाडी उभी असताना. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर साचतो. खिडकी उघडी असून उपयोग नाही, तो खालून बाहेर जायला हवा. घरचा १४.२ किलोचा सिलेंडर अजिबात न्यायचा नाही. ५ किलोचा घ्या, उभा बांधा, चालत्या गाडीत वरचा नॉब बंद आणि रेग्युलेटर काढलेला. नळीवर आयएसआय खूण आणि तारीख बघा, पाच वर्षांनी बदला.

पक्कीच कॅम्पर हवी असेल तर दुसरा रस्ता महाग आहे पण सरळ आहे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. बॉडी बिल्डरकडे गेलात की सोफ्याचं कापड बघण्याआधी कागद मागा: एआयएस-१२४ खालच्या मंजुरीचं प्रमाणपत्र, त्यावर तुमच्याच मॉडेलचं, तुमच्याच व्हीलबेसचं (दोन धुऱ्यांमधल्या अंतराचं) नाव, बॉडीसह रोडवर्दीनेसचा (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा) फॉर्म २२-अ, बसण्याची आणि झोपण्याची संख्या दाखवणारा मांडणीचा नकाशा, चेसिस नंबर घातलेलं बिल. प्रमाणपत्र दुसऱ्या व्हीलबेसचं असेल तर ते तुमच्या गाडीला लागू नाही, कितीही सारखी दिसली तरी. नोंदणीला फॉर्म २० सोबत हेच लागणार. ॲडव्हान्स देण्याआधी या कागदांच्या प्रती घेऊन नायता मुंडल्याच्या आरटीओत लेखी विचारा की ‘कॅम्पर व्हॅन (प्रायव्हेट यूज)’ म्हणून नोंद होईल का, आणि अर्जाची पोच घ्या. लायसन्सची काळजी करू नका: ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं.

राहिली सध्याची व्हॅन. विकण्याआधी ती तुमच्या नावावर झाली आहे का ते तपासा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे झालं असं नाही, पोर्टलवर नाव बदललेलं दिसलं पाहिजे. कर्जाची नोंद असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असल्यामुळे या गाडीला मालवाहतुकीचं परमिट लागत नव्हतं, तेवढी एक कटकट वाचली. कर आणि फिटनेस चालू ठेवूनच विका. फिटनेस संपलेल्या व्हॅनचा भाव लगेच पडतो. आणि फॅब्रिकेटरने काही वेल्ड केलं असेलच, तर ते कापून, पत्रा घासून, झिंक प्रायमर मारून मगच ग्राहकाला दाखवा. वेल्डची जळकी जागा एका पावसाळ्यात आतून गंजते.